कारवानी घ्यावं की पश्मी? दोन्ही एका दारात बांधून बघितली

मी वायरमन. बावीस वर्षं पोलावर चढ-उतार चालू आहे. एवढ्या काळात विजेनं मला दोनदा हिसका दिला, कुत्र्यांनी पाच वेळा. रात्री अकराला फॉल्ट निघाला की कुठल्या वस्तीवरचं कुत्रं सुटं असतं, कुठलं नुसतं भुंकतं आणि कुठलं आवाज न करता मागून पोटरी धरतं, हे मला तोंडपाठ आहे. म्हणून आमच्या पोरीनं आठवीत असताना कुत्र्याचा हट्ट धरला तेव्हा मी सहा महिने नाहीच म्हणत होतो. आता ती अकरावीत आहे, आणि दारात एक कारवानी आणि एक पश्मी, दोन्ही देशी शिकारी जातीची कुत्री. कसं झालं ते सांगतो, कारण "दाजी, यातलं कुठलं घेऊ?" असं विचारणारे फोन मला आठवड्याला दोन तरी येतात.

आधी घर समजून घ्या, नाहीतर माझं मत तुमच्या कामाचं नाही. औशाच्या बाहेर तीन गुंठ्यांची जागा. पुढच्या खोलीत बायकोची पिठाची गिरणी, म्हणजे सकाळी सात ते रात्री आठ डबा घेऊन माणसं येणार-जाणार. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, काठी धरून चालते. सात कोंबड्या, एक मांजर. आणि भोवती चार फुटांची भिंत. चारच फुटांची, कारण घर बांधताना पैसे तिथं संपले. ही भिंत पुढं पुन्हा पुन्हा येणार आहे.

शिकारी जातच का? कारण आमच्या लातूर-सोलापूर-धाराशिव पट्ट्यात ती गावागावात होती आणि आता तिचं खरं कुत्रं शोधायला गाडीत तेल घालून फिरावं लागतं. माझ्या चुलत्याकडं एक होतं. मी दुसरीत असेन, ते उसाच्या बांधावरून पळताना बघितलंय, ते डोक्यातून गेलंच नाही. बाकी कारण काही नाही.

कारवानी म्हणजे उंच, सडपातळ, लांबोळक्या तोंडाचं, खोल छातीचं आणि पोट आत ओढलेलं कुत्रं. नर साधारण सत्तावीस-अठ्ठावीस इंच उंच. नाव फारसी, कारवान म्हणजे तांडा. तांड्यांबरोबर पश्चिमेकडून दख्खनेत उतरलेली ही कुत्री, असं मानतात. सीमेपलीकडं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात यालाच मुधोळ म्हणतात. मुधोळ संस्थान घोरपड्यांचं. त्यातल्या मालोजीरावांनी ही जात हौसेनं जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली, ही गोष्ट तिकडं शेंबड्या पोरालाही माहीत. कारवानी आणि मुधोळ एकच की वेगळी यावरून जुनी माणसं अजून हमरीतुमरीवर येतात. नोंदणी करणाऱ्या संस्थांचंही तेच, एक कॅराव्हॅन हाउंड लिहिते, दुसरी मुधोळ हाउंड. मी त्या भांडणात पडत नाही.

पश्मी त्याचंच भावंड म्हणा. अंगकाठी तीच, पण कानांवर, शेपटीखाली आणि पायांच्या मागच्या बाजूला लांब रेशमी केस. पश्म हा शब्दही फारसीच, म्हणजे मऊ लोकर; पश्मिना शालीतला पश्म तोच. अरबस्तानातलं सलुकी ज्यांनी फोटोत बघितलंय त्यांना पश्मी लगेच ओळखू येईल. आणि गंमत बघा, 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली. त्यात मुधोळ आहे, रामपूर, राजापालयम आणि हिमालयातलं मेंढ्या राखणारं कुत्रं आहे. पश्मी नाही. पुढं 2016 मध्ये सैन्यानं मुधोळची पिल्लं मेरठला नेली. 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर मुधोळचं नाव घेतलं, आणि आमच्या इकडच्या विकणाऱ्यांनी आठ दिवसांत भाव वाढवले. पश्मीच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. ती कुणाच्या तरी मळ्यात, एखाद्या म्हाताऱ्याच्या हौशीवर टिकून आहे.

आता माझी पहिली चूक. पहिलं पिल्लू मी बाजाराच्या दिवशी घेतलं, एका टेम्पोच्या हौद्यातून. विकणारा म्हणाला पंचेचाळीस दिवसांचं आहे. खरं तर ते महिन्याचंही नसावं. डोळ्यांत अजून निळी झाक होती आणि चालताना मागचे पाय लटपटत होते. लस विचारली तर म्हणाला, "गावठी खुराकावर वाढलंय, लस कशाला?" सहाव्या दिवशी ते पार्व्होनं, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या रोगानं गेलं. शेवटची रात्र पोरगी ओसरीवर त्याच्याशेजारी बसून चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत होती. त्यानंतर मी कागद वाचायला शिकलो. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. ज्याच्याकडून घ्याल त्याला एवढंच म्हणा की पिल्लाची आई दाखव, जमलं तर बापही दाखव, आणि लसीचं पुस्तक दाखव. तीनपैकी एकाला जरी तो हसला, तर गाडीला किक मारा.

दुसऱ्या वेळी कर्नाटक सीमेकडच्या एका शेतकऱ्याकडं गेलो. कुत्री गोठ्यात, पिल्लं तिच्यापाशी, नर चिंचेखाली साखळीला. मी जवळ गेलो तर नर उठला, माझ्याकडं बघितलं, आणि पाठ फिरवून पुन्हा बसला. ना भुंकला, ना शेपटी हलवली. शेतकरी म्हणाला, "तो परक्याला हात लावू देत नाही आणि उगाच चावतही नाही." माझ्यासारख्या, कुत्र्याच्या तोंडाकडं बघून भाकरी कमावणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे? नऊ हजारांत पिल्लू घेतलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकानं पश्मी म्हणून दाखवलेल्या पिल्लाचे बावीस हजार सांगितले होते. आईबाप "गावाकडं आहेत" म्हणाला. मी परत आलो.

हे नीट लक्षात घ्या, पश्मी घेणारा इथंच फसतो. दोन महिन्यांच्या पिल्लावर ते रेशमी केस नसतातच म्हटलं तरी चालेल. कानावर थोडी लव असते, बस. पूर्ण केस यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर केसाळ आईचं कुठलंही पिल्लू पश्मी म्हणून खपवता येतं. सीमेकडचा तो शेतकरी सांगायचा की साध्या कारवानीच्या वेतातही एखादं पश्मी निघतं, आणि पश्मीला साधा नर लावला की वेत बहुतेक साधंच दिसतं. हे वाक्य ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पिल्लाचं नाव पोरीनं ठेवलं फ्यूज. कारण दोन मिनिटं वाऱ्यासारखं पळायचं आणि मग जिथं असेल तिथं आडवं व्हायचं, फ्यूज उडाल्यासारखं.

लोकांना वाटतं शिकारी कुत्रं म्हणजे दिवसभर धुडगूस. उलटं आहे. फ्यूज चोवीस तासांतले सोळा-सतरा तास झोपतो. गिरणीच्या पट्ट्याचा खडखडाट चालू असताना पिठाच्या पोत्याला टेकून झोपतो आणि दुपारी पांढरा होऊन उठतो. पण दिवसाला एकदा त्याला मोकळं रान लागतं, आणि ते खरोखर लागतं. पट्ट्याला धरून कॉलनीत चक्कर मारणं म्हणजे त्याच्या लेखी काहीच नाही. मी पहाटे साडेपाचला त्याला पाझर तलावाच्या मागच्या माळावर नेतो. पोरीनं एकदा मोबाइलवर त्याची दौड संथ करून दाखवली. एका फेकीत चारही पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा अंग धनुष्यासारखं ताणलेलं असताना आणि एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. मोटारसायकल बाजूच्या कच्च्या रस्त्यानं घेतली तर काटा चाळीसच्या पुढं गेला, आणि तो माझ्याकडं वळून बघत होता.

त्या क्षणी त्याला हाक मारून बघा. ऐकू येत नाही. ही जात डोळ्यांनी शिकार करते, आणि डोळ्यांनी एकदा काही धरलं की कान बंद. साडेतीनशे पावलांवरचा ससा मला दिसतही नाही, त्याला दिसतो. ज्यांना हाकेसरशी मागं फिरणारं कुत्रं पाहिजे त्यांनी या दोन्ही जातींच्या वाटेला जाऊ नये. शेळ्या-मेंढ्यांच्या रानात तर पट्टा सोडूच नका, भांडण विकत घ्याल.

आणि हो, ससे. फ्यूज वर्षाचा झाला तेव्हा गावातली दोन पोरं आली, "काका, एक रात्र द्या, मागच्या माळावर लई ससे आहेत." नाही म्हणून सांगितलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे, कुत्रं लावून केली तरी. जात शिकारी असली म्हणून शिकार करायची सोय राहिलेली नाही, आणि हे ज्याला पटत नाही त्यानं हे कुत्रं पाळू नये असं मला स्वच्छ वाटतं.

खाणं अवघड नाही. सकाळी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, दोन उकडलेली अंडी. संध्याकाळी कोंबडीचं काळीज-पेटा, भात, थोडी भाजी. शिजवलेली हाडं नाहीत, ती आतड्यात टोचतात. महिन्याला दोन-सव्वादोन हजार जातात. छाती खोल असल्यामुळं पोटात पीळ पडायची भीती असते, म्हणून जेवल्यावर तासभर पळापळ बंद. अवघड आहे ते शेजाऱ्यांना समजावणं. या कुत्र्याच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच पाहिजेत. पण गिरणीवर येणारी प्रत्येक बाई डबा खाली ठेवून म्हणते, "अगं बया, उपाशी ठेवलंय का काय मुक्या जिवाला?" आणि पदराखालून बिस्किटं काढते. पहिल्या वर्षी आमची आईसुद्धा रोज म्हणायची, "कामून रे, खायाला घालीत न्हाईस का त्याला?" आता ती दुसऱ्यांना सांगते, "त्याची कुडीच तशी हाय."

कातडी मात्र पातळ. म्हशीच्या अंगाला जिथं ओरखडाही उठणार नाही तिथं याची फाट पडते. दीड वर्षाचा असताना फ्यूज मांजरामागं भिंतीवरून गेला. ती चार फुटांची भिंत त्यानं पळत येऊनही नाही, उभ्या जागेवरून ओलांडली. पलीकडं शेजाऱ्याच्या वावराची काटेरी तार. मांडीच्या वर वीतभर कातडी लोंबत होती. पहिल्या ठिकाणी नेलं तिथले डॉक्टर घाईत होते, वजन विचारलं आणि सुई भरायला लागले. मी म्हणालो, साहेब, या जातीला भूल जपून द्यावी लागते असं ऐकलंय. ते म्हणाले, तुम्ही वायरी जोडा. मी कुत्रं उचललं आणि दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांना माहीत होतं. या कुत्र्यांच्या अंगात चरबी नावाला, म्हणून काही जुनी भुलीची औषधं रक्तातच रेंगाळतात, आणि यकृतही ती सावकाश बाहेर काढतं. जाड कुत्र्याच्या हिशेबानं डोस दिला तर कुत्रं तासन्‌तास उठत नाही. त्यांनी थोडं थोडं औषध दिलं, अकरा टाके घातले, आणि शुद्धीवर येईपर्यंत ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवायला लावलं. कारवानी असो की पश्मी, आणण्याआधी तुमच्या तालुक्यात असा डॉक्टर आहे का ते बघून ठेवा. बाकी लस, जंताचं औषध, गोचिडांवरचे थेंब हे सगळ्याच कुत्र्यांचं आहे, त्यावर लिहीत बसत नाही.

आता राणी.

माझा मेव्हणा देवणीकडं असतो. त्याच्याकडं तीन पिढ्यांची पश्मी. तो ऊस कापायच्या मशिनवर ड्रायव्हर, हंगामाला चार महिने कोल्हापूरकडं जातो. मागच्या दिवाळीला भाऊबीजेच्या निमित्तानं आला आणि जाताना म्हणाला, "दाजी, राणीला होळीपर्यंत सांभाळा की. म्हातारीला आता तिच्यामागं पळवत नाही." बहिणीच्या घरी ओवाळणी घालून वर कुत्रं ठेवून जाणारा भाऊ मी पहिल्यांदाच बघितला.

राणी तीन वर्षांची, दुधावरच्या सायीच्या रंगाची. कानांचे केस खांद्यापर्यंत, शेपटी चवरीसारखी. गिरणीवर बायका डबा विसरून बघत उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी मी तिला ओसरीवर बांधलं आणि सगळ्यांना सांगितलं, बघा किती सोज्वळ आहे. दहाव्या मिनिटाला तिनं पट्ट्यातून मान काढली आणि सगळ्यात चांगली अंड्यावरची कोंबडी धरली. पट्ट्यातून मान काढणं हे दोन्ही जातींत आहे, कारण डोकं मानेपेक्षा बारीक. साधा पट्टा चालत नाही; रुंद आणि ओढला की आवळणारा घ्या. फ्यूज पिल्लूपणापासून कोंबड्यांत वाढलेला, तो आमच्या कोंबड्यांना ओलांडून जातो. भिंतीपलीकडची कोंबडी मात्र त्याच्या हिशेबी शिकारच. तेव्हा पश्मी शांत, कारवानी आडदांड, असं जे लोक सांगतात त्यात अर्थ नाही. कोण कशात वाढलंय ते विचारा.

फरक कुठं आहे, तर आईपाशी. फ्यूजचा आईला धाक आहे. तो वळणावर सावकाश होत नाही, दोनदा त्याच्या धक्क्यानं तिची काठी उडाली. राणी तिच्या डाव्या बाजूनं चालायची, काठीच्या अंतरानं, न शिकवता. रात्री आईच्या गोधडीच्या पायथ्याशी. फ्यूज मला, पोरीला, बायकोला सारखाच वाटून असतो, राणीनं मात्र आल्याच्या आठवड्यात एक माणूस निवडलं आणि बाकीच्यांना वरवरचं मानलं. मेव्हणा म्हणतो त्याच्याकडच्या तिन्ही पश्म्या अशाच होत्या. मी आणखी चार-पाच बघितल्या, त्याही तशाच. जास्त बघायला मिळतच नाहीत.

आणि दुसरा फरक म्हणजे केस. ऊन-थंडीसाठी त्यांचा काही उपयोग नाही, हे आधी सांगतो. पाठीवर, पोटावर पश्मीचे केस कारवानीएवढेच आखूड. डिसेंबरात दोघंही सारखीच कुडकुडायची, दोघांनाही बायकोनं गोणपाटाची झूल शिवली. ते केस नुसते शोभेचे. पण आमचा माळ शोभेचा नाही. दिवाळीनंतर कुसळी गवत वाळतं, आघाडा पिकतो, गोखरू टणक होतं. फ्यूज माळावरून आला की अंग झटकतो आणि झालं. राणी आली की चालतं-फिरतं गवताचं भारं. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावरच्या उलट्या केसांमुळं ते पुढंच सरकतं, मागं येत नाही. बोटांच्या बेचक्यातून आत शिरतं, कानात शिरतं. पंधराव्या दिवशी तिचा पुढचा डावा पाय सुजला. डॉक्टरांनी दोन बोटांमधून पाऊण इंचाचं कुसळ बाहेर काढलं, सोबत पू.

तेव्हापासून आईनं काम अंगावर घेतलं. संध्याकाळी सातची मालिका लागली की आई ओसरीच्या खांबाला टेकून बसायची, मांडीवर राणीचा एक पाय. शेजारी लाकडी फणी, खोबरेल तेलाची वाटी आणि पाण्याचा तांब्या. आधी बोटांना तेल लावून गुंता सैल करायचा. मग आघाड्याचे दाणे एकेक उपटून तांब्यात टाकायचे, जमिनीवर नाही, नाहीतर तेच पुन्हा चिकटतात. मग फणी, टोकाकडून मुळाकडं, पोरीबाळींच्या केसांसारखी. कान सगळ्यात शेवटी, कारण कानाला हात लावला की राणी डोळे मिटून घ्यायची आणि मग तिला पाय बदलायला उठवणं अवघड. चार पाय, शेपूट, दोन कान, मालिका आणि तिच्या जाहिराती मिळून एक तास. रोज. हे साडेतीन महिने चाललं. मी एकदा म्हणालो, कात्रीनं केस कापून टाकू. आईनं माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा विषय काढला नाही.

तर बाबांनो, ज्यांना निवड करायचीय त्यांनी याच तासाचा हिशेब करावा. घरात तो तास देणारं माणूस असेल, आणि ते माणूस महिन्याभरात कंटाळणारं नसेल, तर पश्मी. नसेल तर कारवानी, आणि दहापैकी नऊ घरांत ते नसतं. पळणं, खाणं, भूल, पातळ कातडी, हाक न ऐकणं, सगळं दोन्हीकडं सारखं. राखण म्हणाल तर दोन्हीही मध्यम. फ्यूज अनोळखी माणूस आला की दोनदा भुंकतो आणि बघत उभा राहतो; उंची बघूनच माणूस थांबतो. राणी भुंकतही नाही, आत निघून जाते. गिरणीच्या गिऱ्हाइकांसाठी दोन्ही बरी, चोरासाठी गावठीच बरं. फ्लॅटमध्ये ठेवायचं म्हणत असाल तर झोपेपुरता फ्लॅट चालेल, पण रोजच्या पळण्यासाठी भिंत किंवा जाळी असलेलं मैदान जवळ नसेल तर नको. आणि पिल्लू कुठून घ्यावं विचाराल तर कारवानीसाठी आमच्या भागात शोधलं की सापडतं. मुधोळ म्हणून हवं असेल तर मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे. पश्मीला असा पत्ता नाही. ओळख काढावी लागते, वाट बघावी लागते.

हे सगळं मी असं ठामपणे लिहिलं असलं तरी आमच्या दारात काय झालं ते लपवत नाही. राणी जानेवारीच्या शेवटी माजावर आली. गावातली कुत्री आत येतील म्हणून मी भिंतीवर जाळी ताणली, फाटकाला कुलूप लावलं, रात्री दोनदा उठून बॅटरी मारली. आतल्याचा विचारच केला नाही. फ्यूजला गिरणीत कोंडलं होतं, पण त्या सकाळी बायकोनं दळणासाठी दार उघडलं, आणि मी पोलावर होतो.

होळीला मेव्हणा आला. राणीचं पोट बघितलं, फ्यूजकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याला यंदा पश्मीचाच नर लावायचा होता, उदगीरकडचा, तीन वर्षांपासून बोलून ठेवलेला. अर्धा तास तो काही बोलला नाही. मग बहिणीला म्हणाला, "आता बाळंतपण करूनच पाठवा. सासरीच होऊ द्या." माझ्याशी तो पाडव्यापर्यंत बोलत नव्हता.

पाडव्याच्या आठवड्यात राणीनं सहा पिल्लं दिली. सगळी जगली. आता नऊ आठवड्यांची आहेत, पहिली लस झालीय. दोन मेव्हणा नेणार आहे, तीन सांगून ठेवलीत. घेणाऱ्यांना स्वच्छ सांगितलंय की हे ना पूर्ण कारवानी ना पूर्ण पश्मी, आणि पैसे फक्त लसीचे घेणार. सहावं आईनं ठेवून घेतलंय, सायीच्या रंगाची कुत्री. गवंडी कालपासून आलाय, भिंत साडेसहा फूट करायला सांगितलीय.

सीमेकडच्या शेतकऱ्याच्या हिशेबानं सगळी साधीच निघायला पाहिजेत. फ्यूजच्या रक्तात कुठं मागं एखादी पश्मी असेल तरच केस येतील, आणि ते आत्ता कळायचं नाही. आई मात्र रोज सातला मालिका लागली की त्या पिल्लाला मांडीवर घेते, अंगठा आणि बोटात कान धरून बुडापासून टोकापर्यंत चाचपते, आणि मला हाक मारते, "ये रे, बग बरं, फुटल्यागत वाटतंय का?"